डेन्मार्कच्या वाहिनीवरचा व्यायाम

दोह्याजवळच्या मेसईदमध्ये मुलाला कंपनीने दिलेल्या या घरात आधी एक डॅनिश इंजिनिअर राहत होते. त्यांची डिश अजून गच्चीवर आहे, म्हणून आमच्या टीव्हीवर डेन्मार्कची एक वाहिनी दिसते. दुपारी तिथे म्हातारी माणसं एका हॉलमध्ये संगीतावर व्यायाम करतात.

"बाबा, शुक्रवारी दोह्याला मराठी मंडळात चला ना. तिथेही आजी-आजोबा असंच करतात," सून नयना म्हणते. मला जावंसं फार वाटतं. पण चार माणसांत हात वर करायचा म्हटलं की तो उचलतच नाही. म्हणून घरी, टीव्हीसमोर, एकटाच करतो.

आज मी उजवा हात वर केला. शिकवणाऱ्या बाई थांबल्या, थेट माझ्याकडे पाहून हसल्या आणि डावा हात हलवून दाखवला.

योगायोग असेल. मी डावा वर केला. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

मला हसू फुटलं. इतका मोकळा मी कधी हसलो होतो, आठवत नाही. संगीत वाढलं आणि मी चक्क गिरकी घेतली.

तेवढ्यात नात गार्गी शाळेतून आली. "मम्मा, कम फास्ट! आबा इज ऑन टीव्ही!"

नयना स्वयंपाकघरातून धावत आली. "अगंबाई! बाबा, आता मागच्या रांगेत लपायचं नाही हं!"

दोघी टीव्हीच्या काचेपलीकडून टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांना हात करणार, तोच शेजारच्या गोऱ्या आजोबांनी तो प्रेमाने धरला आणि आमची रांग पुढे सरकली.