एकच अंडं

"हलवू नका हो ते!" काकू ओरडल्या. "पडलं म्हणजे?"

"पडतंय कशाला? चाळीस वर्षं घड्याळं उघडलीत या हातांनी," काका म्हणाले आणि त्यांनी लव्हबर्डच्या लाकडी पेटीचं झाकण हळूच लावलं.

एरवी मादी चार-पाच अंडी घालते म्हणे. त्यांच्या महाराणीने घातलं एकच! पण त्या एकाने घराचा नूरच पालटला. मुलगी सासरी लांब गेल्यापासून काकू अगदी घुम्या झाल्या होत्या. आता उठल्या उठल्या त्या पेटीपाशी. हवा कोरडी नको म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवत, काकांना पंखाही लावू देत नसत. फोनवर लेकीला मात्र सांगत, "मला कसलं कौतुक? तुझ्या बाबांनाच वेड लागलंय. दुकान बंद केल्यापासून आत्ता कुठे हसायला लागलेत."

काका गालातल्या गालात हसत. म्हणे मला वेड!

आठव्या दिवशी काकू बाजारात गेल्याचं बघून त्यांनी अंडं टॉर्चसमोर धरलं. आत लाल शिरांचं जाळं दिसायला हवं होतं. दिसला नुसता पिवळा उजेड. दोन दिवसांनी पुन्हा तेच. अंड्यात काही नव्हतं.

"बरं आहे ना हो ते?" संध्याकाळी काकूंनी विचारलं.

"अगदी ठणठणीत!"

"वाटलंच मला," म्हणत काकू भांडी विसळू लागल्या.

आता हिला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? काकांनी सरळ पक्षीवाल्याला गाठलं. "बाविसाव्या दिवशी मला अंड्यातून नुकतं निघालेलं एक पिल्लू हवंय. पण कुठे बोलायचं नाही." पक्षीवाला का कोण जाणे, खो खो हसत सुटला.

बाविसाव्या दिवशी सकाळी काकू आंघोळीला गेल्या. मादी दाणे टिपायला बाहेर आली. काकांनी रुमालातलं पिल्लू काढलं आणि झाकण जरासंच उचलून पेटीत हात घातला. आतल्या अंधारात अंडं काही हाताला लागेना. तेवढ्यात मादी कलकलत परतली. घाईघाईने पिल्लू आत सोडून त्यांनी झाकण लावलं. अंड्याचं मागाहून बघू.

"अगं, ऐकलंस का? फुटलं! फुटलं!"

काकू ओल्या केसांनी धावत आल्या. "खरंच? अगं बाई, मला तर कल्पनाच नव्हती!" झाकण उघडून त्या आत डोकावल्या आणि "कित्ती गोड" म्हणता म्हणता थबकल्या. पुन्हा वाकून पाहिलं. मग काकांकडे वळल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मी तर एकच आणलं होतं."