दुकान वाढवलं

"दुकान वाढवलं," थोरला फोनवर म्हणाला आणि इकडे धाकट्यानं खाटेवरून उडीच मारली.

"ऐकलंस का गं? वाढवलं म्हणतोय! मी म्हणत नव्हतो, दादा नाव काढणार?"

फोन स्पीकरवर होता. धाकट्याची बायको पोटावर हात ठेवून हसली. तिला आता उठाबस जड जात होती. आई चादरीची घडी घालत होती, तिचे हात थांबले.

"कधी वाढवलंस?" तिनं विचारलं.

"झाले थोडे दिवस. आता माझी काळजी करायची नाही, आई. काळजी करण्यासारखं काही उरलंच नाही."

"हे बघ!" धाकटा म्हणाला.

थोरला परदेशात जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवायचा. आधी नोकरीत, मग स्वतःच्या दुकानात. बायको सोडून गेल्यापासून तो एकटाच होता, पण त्या विषयाला घरात कोणी हात लावत नसे. धाकटाही त्याच धंद्यातला. इथे एका वर्कशॉपमध्ये मुकादम होता, मालक बरा, पगार वेळेवर. बरं चाललं होतं. पण बरं चाललेल्या माणसालाच जास्त खाज असते. कधीपासून तो भावाकडे जायचं म्हणत होता आणि आई एकच उत्तर द्यायची, "एक गेला तेवढा पुरे."

त्या दिवशी मात्र जेवताना तीच म्हणाली, "तू जा त्याच्याकडे. हिलाही घेऊन जा. उशीर करू नकोस."

"अहो, पण दादांनी बोलावलंय कुठे?" बायको म्हणाली.

"सख्ख्या भावाला आमंत्रण लागतं होय?" आईनंच उत्तर दिलं.

"आणि माझं बाळंतपण?"

"तिकडेही बायका बाळंत होतातच की."

सुनेला ते लागलं. ती ताटावरून उठली.

थोरल्याला फोनही आईनंच केला. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "नको आई, त्याला पाठवू नकोस."

"तो येईपर्यंत तू कुठेही जायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"दादा कशाला कुठे जातोय एवढं दुकान सोडून!" धाकटा हसला. पण ते 'नको' त्याच्या मनाला लागलंच. मोठा झाला ना आता, नातेवाईक कशाला हवेत? ठीक आहे, काम करून दाखवू.

त्यानं नोकरी सोडली, भाड्याची खोली सोडली, शिलाई मशीन विकलं. आईची सोय मावशीकडे झाली. मालक म्हणाला, "तुझ्या जागी मला माणूस घ्यावा लागेल बरं का. उद्या परत आलास तर माझा इलाज नाही."

"परत कोण येतंय, शेठ?"

विमानतळावर थोरला घ्यायला आला तेव्हा धाकट्यानं त्याला आधी ओळखलंच नाही. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. भावाला मिठी मारून तो असा रडला की आजूबाजूचे लोक बघायला लागले. मग त्यानं त्यांना एका गॅरेजवरच्या खोलीत नेलं. एक पलंग, एक शेगडी, मोरीत गळका नळ.

"पलंगावर तुम्ही झोपा," तो म्हणाला. "मला खाली सवय आहे."

"दुकान कधी दाखवतोस?"

थोरल्याला वाटलं, हा चेष्टा करतोय. तो कसनुसा हसला.

दोन दिवस वाट बघून धाकटा स्वतःच पत्ता शोधत गेला. लॉन्ड्रीच्या शेजारी दुकान होतं खरं, पण आत कोणीतरी मोबाइलची कव्हरं विकत होता. धाकट्यानं लॉन्ड्रीवालीला खुणेनं विचारलं, इथला सोफेवाला कुठे? तिनं दोन्ही हात झटकून दाखवले.

तो तणतणत परत आला. "दुकान वाढवलं म्हणालास! तोंडानं म्हणालास तू!"

"वाढवलंच की."

"अरे, तिथे दुसराच बसलाय!"

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"बाबा रोज संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावताना काय म्हणायचे? चला, दुकान वाढवू. बंद केलं असं म्हणू नये रे, अशुभ असतं. मी कायमचं वाढवलं म्हणून सांगत होतो."

"मी पाळण्यात होतो, दादा! बाबांचं दुकान मी बघितलंय कुठे?"

बायको मटकन पलंगावर बसली. "आता आपण काय करायचं हो?" ती म्हणाली.

"मला वाटलं, सगळं कळून येताय," थोरला म्हणाला. "माझ्यासाठी येताय. त्या दिवशी तो शेवटचाच फोन करायचा असं ठरवून केला होता मी. आईनं शपथ घातली म्हणून थांबलो. भाऊ येतोय म्हणून थांबलो."

धाकट्याचा राग जिथल्या तिथे गोठला. फोन घेऊन तो जिन्यात गेला.

आईनं पहिल्याच रिंगला उचलला. "तो कुठाय?"

"आत आहे."

"एकटा?"

"ही आहे त्याच्याजवळ. आई, दुकान बंद झालंय. इथे काहीसुद्धा नाही. ना काम, ना धड छप्पर, आणि हिचे दिवस भरत आलेत. बाबा रोज म्हणायचे ना वाढवू, वाढवू? मग तुला कसं नाही कळलं?"



"कळलं होतं रे," आई म्हणाली. "पण पाठवायला माझ्याकडे दुसरं कोण होतं?"