सूर धरणारा

उत्तराखंडात फिरायला आलेले आणि राणीखेतच्या बाजारात वाट चुकलेले दौलूअण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ गुंडू थेट लष्कराच्या मैदानापाशी येऊन पोचले. समोर जवानांचं संचलन चाललं होतं आणि पुढच्या रांगेत बॅगपाइप वाजत होते. प्रत्येक वादकाच्या काखेत फुगलेली पिशवी, खांद्यावर उभ्या तीन नळ्या.

अण्णांनी कोल्हापूरकडच्या लग्नांत चाळीस वर्षं सनई वाजवलेली. त्यांना लगेच उमगलं. वादकांची बोटं चाल वाजवत होती आणि त्या तीन नळ्या आपोआप मागचा एकच सूर धरून होत्या.

"बघ गुंड्या, हितं सूर धरायला माणूसच लागत न्हाई," ते हसत म्हणाले.

गुंडू हसला नाही. चाळीस वर्षं अण्णांच्या शेजारी बसून त्यानं दुसऱ्या सनईवर तेवढंच केलं होतं, मागचा सूर धरला होता. फेटा, नारळ, वाहवा सगळं अण्णांना. त्याच्या वाट्याला तो एकच सूर.

संचलन लांब गेलं. अण्णा कठड्यावर टेकले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आज चाल तू म्हण. सूर मी धरतो."

त्यांनी डोळे मिटून "आऽऽ" लावला. गुंडू आधी बावरला, मग हळूच भूप गुणगुणू लागला. दुसऱ्या ओळीलाच अण्णांना धाप लागली आणि सूर तुटला.

"एवढी वर्षं कसा धरलास रं?"

गुंडू त्यांची पाठ चोळत म्हणाला, "तुमी वाजवत हुता न्हवं, अण्णा."