भिकुबाईचं वय

"नाव काय तुमचं?" पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

भिकुबाई बोलली नाही. हनुवटीपर्यंत पदर ओढून ती कचेरीतल्या बाकावर बसून राहिली. समोर तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, रुपचंद बसला होता. जेठासमोर तिनं एकवीस वर्षांत कुणा माणसाशी बोलायला तोंड उघडलं नव्हतं; चोपड्याच्या त्या घरात कुठल्याच सुनेनं उघडलं नव्हतं. रुपचंदला हे ठाऊक होतं. म्हणून तर दाराजवळची वाऱ्याची जागा सोडून तो खुर्ची उचलून तिच्या पुढ्यात आला होता.

अर्ज त्याचाच होता. धाकट्या भावाची विधवा मंदबुद्धी आहे, तिच्या नावावरची चार बिघे केळी सांभाळण्याइतकी तिला अक्कल नाही, सबब ती केळी आमच्या ताब्यात द्यावी. कोर्ट म्हणालं, आधी अक्कल मोजून आणा. १९३८ साल होतं. अक्कल मोजणारी माणसं नुकतीच निघाली होती.

"साहेब," दारातला पट्टेवाला हाशम म्हणाला, "रुपचंदभाऊंना घटकाभर बाहेर बसवा. मग बघा बाई कशी बोलते."

परीक्षकांनी पुस्तकावर बोट ठेवलं. "परीक्षा देणारा घाबरू नये म्हणून घरचं माणूस जवळ असावं. छापलंय."

"छापलंय म्हटल्यावर संपलंच," हाशम म्हणाला.

"लाकूड आणि कोळसा, यांत सारखं काय?"

दोन्ही जळतात, आणि या घडीला तिसरी मी, असं भिकुबाईच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. परीक्षकांनी शून्य मांडलं. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं. पाच सवालांत पाच शून्यं, सगळी एका मापाची.

रुपचंदनं मांडी बदलली. "विचारा, साहेब, विचारा. आमच्यानं काही लपवाछपवी नाही."

"जंगलात वाट चुकली तर काय कराल?"

पदराआड भिकुबाईचे कान तापले. जेठाला काही सांगायचंच झालं तर घरात एक रीत होती: खांबाला सांगायचं, जेठानं ऐकायचं. ती खोलीच्या मधल्या खांबाकडे वळली.

"अरे खांब, सांग त्यास्ले. वाट चुकनी ते नाला धरो. नाला नदीले जास, नदीवर गाव रहास."

खांब सरकारी होता. त्यानं निरोप पोचवला नाही.

परीक्षक चमकले, मग पुढचा सवाल वाचू लागले. "एकानं मित्राला लिहिलं: हे पत्र तुला पोचलं नाही, तर ताबडतोब कळव. यात वेडेपणा कोणता?"

"खांब, सांग त्यास्ले. पत्र पोचनंच नही, ते तो कळाई कसं? लिखनारले आठे बसाडा, माले घर जाऊ द्या."

"साहेब, बरोबर सांगितलं तिनं!" हाशम पुढं आला.

"कुणाला सांगितलं?"

"खांबाला. म्हणजे तुम्हालाच."

"उत्तर परीक्षकाला दिलं तरच गुण," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी शेरा लिहायला घेतला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचला: "बहुतेक सवालांना मौन. मधूनच लाकडी खांबाशी बोलते. मात्र खांबाला खांब म्हणून ओळखते, ही जमेची बाजू." मग त्यांनी बेरीज केली. "मानसिक वय सहा वर्षं दोन महिने."

"सहा वर्षांची पोर!" रुपचंदनं हात जोडले. "आता तिचा मायबाप मीच, साहेब."

भिकुबाई उठली. दोन्ही हातांनी तिनं पदर मागं सारला. एकवीस वर्षांत रुपचंदनं हा चेहरा पाहिला नव्हता. पाहण्याजोगा होता, पण आत्ता पाहवत नव्हता.

"सहा वरीसनी ना मी?" ती थेट त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "मंग सहा वरीसनी पोर कोठे जेठले लाजस?"

"पदर घे, भिकुबाई!"

"लेवाव नही. लिखा, साहेब. मी बोलनू."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं होतं. "परीक्षा एकदाच घेता येते, बाई. अहवाल आजच्या टपालानं जाईल."

तिनं पदर कमरेला खोचला आणि बाहेर ओट्यावर आली. तारखेसाठी आलेली तीस-चाळीस माणसं तिथं बसली होती, निम्मी चोपड्याकडची.

"दखा रे बठ्ठा!" ती सगळ्यांना उद्देशून ओरडली. "कितली मोठी शे मी? दखी ल्या! मन्ही केळी खावाले मना जेठनी माले सहा वरीसनी करी टाकं!"

लोक उठून उभे राहिले. कुणीतरी विचारलं, "कोन जेठ? कोठे शे?"

रुपचंद दाराशी आला होता. त्यानं खांद्यावरचं उपरणं हळूच डोक्यावरून घेतलं आणि हनुवटीपर्यंत खाली ओढलं.