मागची लिव्हर

"मागे मी नसलो ना, तर ग्लायडर आणखी तासभर तरंगेल बघ," मुकुंद बायकोला चिडवायचा. तो गेल्यानंतर आज कुमुद पहिल्यांदाच एकटी उडाली होती, आणि हलकं झालेलं ते बिनइंजिनाचं विमान खाली यायलाच तयार नव्हतं.

धावपट्टी आली तरी उंची बरीच होती. ब्रेक ओढले की पंखांवर झडपा उभ्या राहायच्या, उचल घटायची, हवेचा विरोध वाढायचा. ते काम मुकुंदचं. त्याने मागची लिव्हर ओढली की तिला जोडलेली पुढची आपोआप सरकायची.

कुमुद सवयीने पुढच्या लिव्हरकडे बघत राहिली.

"मुकुंद, ब्रेक!"

अर्धी धावपट्टी खालून निघून गेली, तेव्हा कुठे तिने स्वतः लिव्हर ओढली. मागे, रिकाम्या सीटपाशी, दुसरी लिव्हर आपोआप सरकली.