विक्रमसिंहांची सात पत्रं

स्क्रीनवर एकच शब्द धड उमटला होता: अवंती.

बाकी सगळा चुराडा. काने एकीकडे, मात्रा दुसरीकडे, मधेच टक्क्याची खूण, मधेच रिकामा चौकोन. पण दर दोन-तीन ओळींनी तेवढं नाव मात्र स्वच्छ दिसत होतं. स्वानंदने खुर्ची मागे सरकवली. आपल्या बायकोचं नाव परक्या माणसाने इतक्या वेळा लिहिलेलं त्याला बघवेना.

परका तरी कसा म्हणायचा? विक्रमसिंह दळवी हा अवंतीचा पहिला नवरा. धारचा. सत्याण्णव साली मनावर गावाच्या रस्त्यावर जीप उलटून गेला, त्याला आता सहा वर्षं झाली. स्वानंदने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण ऐकलं फार होतं. धारला कुणाच्याही लग्नात जा, कोणीतरी विक्रमसिंहांचा रुबाब सांगायचं, दाराशी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत म्हणायचं. अवंती दरवर्षी त्यांच्या श्राद्धाला जायची आणि परत आली की दोन-दोन दिवस बोलायची नाही. स्वानंदही विचारायचा नाही. जिवंत माणसाशी भांडता येतं. फोटोतल्या माणसाशी काय भांडणार?

आणि गेल्या सोमवारी तिने ही फ्लॉपी आणून त्याच्या हातावर ठेवली होती.

"यात त्यांची पत्रं आहेत. सात. आपल्याकडे खुलत नाहीत. तुम्ही बघता का?"

एवढंच बोलली आणि आत निघून गेली.

देवासला स्वानंदचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, आणि जुन्या फाइली उघडून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दहा-बारा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर, त्यातले हिंदी-मराठी फॉन्ट, आणि दर फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागा निराळ्या. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मजकुराची अशी दशा व्हायची. दुसरा जवळपासचा टाकला तर एखाददुसरा शब्द जुळायचा, बाकीचे तसेच. नेमका टाकला की मात्र कागद बोलायला लागायचा. टोंकखुर्दहून माणसं यायची. "भिया, ये काम तो आपके ही बस का है," म्हणायची.

नेमका फॉन्ट तिसऱ्याच दिवशी सापडला. मागच्या कपाटात होता. टाकायला दोन मिनिटंही लागली नसती.

त्याने टाकला नाही.

उलट रोज गिऱ्हाईक कमी झालं की तो त्या फाइली तशाच मोडक्या उघडायचा आणि नाव मोजायचा. पहिल्या पत्रात अकरा वेळा. चौथ्यात चौदा. सातव्यात एकोणीस. एका पत्रात एकोणीस वेळा! स्वानंदने लग्नाला चार वर्षं होऊन तिला दोन ओळींची चिठ्ठीही लिहिली नव्हती. तो तिला "अगं" म्हणायचा. नावाने हाक मारायचं त्याच्या जिभेला वळणच नव्हतं. आता तर ते नाव त्याला उष्टं वाटायला लागलं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी अवंती डबा घेऊन दुकानात आली. त्याने मान वर न करताच सांगून टाकलं.

"नाही जमत. तो फॉन्टच मिळत नाही आता. गेली समज ती पत्रं."

ती रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने आधी डबा टेबलावर ठेवला, मग पदराने हात पुसले.

"मला वाचायची नव्हतीच," ती म्हणाली. "मला ती तोंडपाठ आहेत. तुम्ही वाचावीत म्हणून दिली होती. माझ्या तोंडाने सांगवत नाही."

आणि ती गेली. स्वानंद उठला, मागचं कपाट उघडलं, फॉन्ट काढला आणि मशीनमध्ये टाकला. सातवं पत्र उघडलं. मात्रा भराभर आपापल्या अक्षरांच्या डोक्यावर जाऊन बसल्या.

पत्र अवंतीला नव्हतंच. ते खातेगांवला, तिच्या वडिलांना होतं.

'तीर्थरूप भगवंतराव यांस, साष्टांग नमस्कार वि. वि. हे आपणांस सातवे पत्र. आपले उत्तर नाही. अवंती या घराला शोभत नाही. अवंतीला चारचौघांत वागण्याची रीत नाही. अवंतीवर हात उचलावा लागतो, तो दोष माझा नव्हे, आपल्या संस्कारांचा आहे. अवंतीला येऊन घेऊन जावे. अवंती येथे राहिल्यास पुढील परिणामांस आम्ही जबाबदार नाही...'

स्वानंदने तिच्या नावाच्या एकोणीसच्या एकोणीस ओळी वाचल्या. एकही ओळ सोडली नाही.

शेवटी विक्रमसिंहांच्या सहीची जागा मोकळी होती. तिच्याखाली, डाव्या कोपऱ्यात, कचेरीच्या पत्रांत असते तशी बारीक अक्षरांत एक ओळ होती:

'टंकलेखन: सौ. अवंती विक्रमसिंह दळवी.'