स्टेपनीचा आधार

रुपालीनं पर्यटक फिरवायच्या आपल्या जीपला डोंगरात चालतील असे मोठे टायर घातले आणि मागच्या दारावर टांगलेल्या जड स्टेपनीच्या ओझ्यानं त्या दाराच्या बिजागऱ्या खिळखिळ्या झाल्या. तिच्या बापाचं, सखारामचं, कार्ल्याला वेल्डिंगचं दुकान. त्यानं गाडीच्या खालच्या सांगाड्यापासून थेट दारापर्यंत लोखंडी अँगल वेल्ड करून स्टेपनीला आधार दिला.

"आता ह्ये दार उघडनार न्हाई बरं का," तो म्हणाला.

"उघडतंय कोन, आबा? समदी पुढनंच चढत्यात."

सखाराम स्वतः स्टेपनीला लोंबकळला. दार तसूभरही हललं नाही. लेक हसली आणि चार पर्यटक घेऊन पवना धरणाकडं गेली.

दुपारी हवालदाराचा फोन आला.

"सखारामभाऊ, कटर घेऊन धरणावर या, पळत या! एक जीप तोंडावर पाण्यात गेलीय, मागचं दार तेवढं वर हाय. दाराची काच स्टेपनीनं झाकलीय, फोडता येईना. आतनं माणसं बुक्क्या मारत्यात, पन दार काय उघडंना...



कुनीतरी लय मजबूत वेल्डिंग केलंय."